घरातला तिसरा पेपर



आपल्या घरात ‘पेपर’ या शब्दाचे आजवर दोनच अर्थ चालत आले. सकाळी दारात पडतो तो एक पेपर. मार्च महिन्यात पोरे ज्याच्या धास्तीने रात्र-रात्र जागतात तो दुसरा. पण आता आपली मुले-मुली इंजिनिअरिंग, एम.एस्सी., पीएच.डी. पर्यंत जाऊ लागली आणि घरात तिसरा पेपर आला. “आई, माझा पेपर परिषदेला पाठवायचाय,” असे मुलगी म्हणते. आईला वाटते, एखादा विषय राहिला असेल. बाप विचारतो, “किती मार्कांचा?” मुलगी हसते आणि बोलणे तिथेच संपते. ते तिथे संपू नये, म्हणून आजचे सदर.

आम्ही कारकुनी पेशातली माणसे. त्यामुळे द्रोणागिरी भागातली आपली कुटुंबे फॉर्म, दाखले, नोटिसा घेऊन आमच्याकडे येतात. अलीकडे त्यात नव्या कागदाची भर पडली आहे. “भाऊ, पोराचा पेपर परदेशातल्या परिषदेत घेतलाय म्हणून पत्र आलंय. आठ दिवसांत पैसे भरा म्हणतात. भरू का?” बाप कंटेनर यार्डात, आई चार घरची कामे करते आणि घरातला एकुलता दागिना गहाण टाकायला काढलेला! अशा वेळी ‘भरा’ म्हणणेही सोपे नसते आणि ‘भरू नका’ म्हणणेही सोपे नसते. आधी वस्तू काय आहे ती समजून घ्यावी लागते.

या पोराचा विषय होता स्पर्शाचे तंत्रज्ञान. विज्ञानात त्याला ‘हॅप्टिक्स’ म्हणतात. हा शब्द ग्रीक भाषेतला, अर्थ स्पर्शासंबंधीचा. खिशातला मोबाईल आवाज न करता थरथरतो आणि आपल्याला कळते की फोन आला. ही त्यातली सर्वांत साधी गोष्ट. यंत्राने आपल्या बोटांना काही सांगावे, आपल्या बोटांनी यंत्राला काही सांगावे, एवढाच या शास्त्राचा गाभा. ऑपरेशन करणाऱ्या यंत्रमानवाचे उदाहरण घ्या. अमेरिकेत ‘दा विंची’ नावाच्या यंत्राला २००० साली परवानगी मिळाली. डॉक्टर बाजूला बसून यंत्राचे हात चालवतात. त्यांना आतले सगळे मोठे करून दिसते, पण धागा किती ओढला गेला हे बोटांना कळत नव्हते. ती जाणीव देणारी आवृत्ती २०२४ साली आली. मधली चोवीस वर्षे डोळ्याने हाताचे काम चालले होते. यावरून हा प्रश्न किती अवघड आहे ते ध्यानात यावे.

आपल्या उरणच्या किनाऱ्यावरून खाडीकडे पाहिले तर घारापुरीच्या पलीकडे ट्रॉम्बे आहे. तिथल्या भाभा अणुसंशोधन केंद्रात किरणोत्सारी पदार्थांना माणसाचा हात लावता येत नाही. जाड भिंत, जाड काच. माणूस बाहेर, पदार्थ आत. बाहेरचा माणूस दांडा हलवतो तसा आतला यांत्रिक हात हलतो. अशा हातांची सुरुवात अमेरिकेतल्या अरगॉन प्रयोगशाळेत रेमंड गोर्ट्झ यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस केली. आत वस्तू पकडली की तिचा जोर बाहेरच्या मुठीला जाणवावा, ही त्यामागची दृष्टी. ट्रॉम्बेच्या शास्त्रज्ञांनी असे हात देशातच बनवले. आता या जोडीचे नाव ऐका. बाहेरचा दांडा ‘मास्टर’ आणि आतला हात ‘स्लेव्ह’, म्हणजे मालक आणि गुलाम! लोखंडाच्या दोन तुकड्यांना नावे देताना कुणाला तरी हीच जोडी सुचली. पुढे कित्येक वर्षे जगभरच्या शोधनिबंधांत तीच नावे छापत राहिली. अलीकडे पुष्कळ संशोधक ती नावे टाकून ‘लीडर’ आणि ‘फॉलोअर’ असे लिहू लागले आहेत. जो पेपर लिहितो तो वस्तूला नावही देतो, हे आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको.

आता परिषदेकडे वळू. स्पर्श-तंत्रज्ञानाचे संशोधक ठराविक वर्षांनी एकत्र जमतात. ‘वर्ल्ड हॅप्टिक्स’ ही परिषद २००५ साली इटलीत पिसा येथे सुरू झाली. ती दर दोन वर्षांनी भरते. २०२३ साली नेदरलँडमध्ये डेल्फ्ट येथे आणि २०२५ साली दक्षिण कोरियात सुवॉन येथे झाली. युरोपची ‘युरोहॅप्टिक्स’ २००१ पासून चालते. २०२४ साली ती फ्रान्समध्ये लिल येथे भरली. ही गावे दूरची वाटतील. पण २०१२ साली फिनलंडमधल्या टँपेरे येथे भरलेल्या युरोहॅप्टिक्समध्ये आपल्या पवईच्या आय.आय.टी.चा पेपर होता. प्रा. सुभाशिष चौधुरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो लिहिला. ऐतिहासिक वारशाच्या वस्तूंचे संगणकात रूप तयार करायचे आणि हाताशी धरलेल्या यंत्रातून त्यांचा उंच-सखलपणा बोटांना कळवायचा, असा त्याचा विषय. वस्तू लहान-मोठी करूनही चाचपता यावी, हा त्यातला मुद्दा. हेच चौधुरी सर पुढे २०१९ ते २०२४ या काळात आय.आय.टी. मुंबईचे संचालक होते. १२ जानेवारी २०२४ पासून द्रोणागिरी स्टेशनात लोकल येते. तिथून पवई गाठायला गाड्या बदलाव्या लागतात, पण ते अंतर समुद्रापलीकडचे नाही.

पेपर परिषदेला ‘सादर करणे’ म्हणजे नेमके काय? आम्ही आमच्या भाषेत सांगतो. कचेरीत जशी आवक-जावक असते तशीच ही रीत आहे. आधी परिषदेचे निवेदन निघते: अमुक विषयांवर, अमुक तारखेपर्यंत, अमुक पानांत शोधनिबंध पाठवा. नमुना ठरलेला असतो. अक्षराचा आकार, समास, चित्रांची जागा, सगळे नेमून दिलेले. तारीख टळली की दार बंद. मग तो निबंध त्याच विषयातल्या दोन-तीन जाणकारांकडे जातो. ते विचारतात: यात नवे काय? प्रयोग कसा केला? किती माणसांवर केला? आकडे निष्कर्षाला पेलतात का? ते शेरे लिहितात. निबंध घेतला जातो, सुधारून मागितला जातो किंवा परत येतो. घेतला तर लेखकांपैकी निदान एकाने नावनोंदणीचे शुल्क भरायचे आणि तिथे जाऊन दहा-पंधरा मिनिटांत तो मांडायचा किंवा भिंतीवर तक्ता लावून येणाऱ्या-जाणाऱ्याला समजावून सांगायचा. पुढे तो परिषदेच्या ग्रंथात छापला जातो. युरोहॅप्टिक्सचे ग्रंथ स्प्रिंगर ही प्रकाशनसंस्था काढते.

परत आलेला पेपर म्हणजे नापास नव्हे, हे आई-वडिलांनी पक्के ध्यानात ठेवावे. नामांकित संशोधकांचेही निबंध परत येतात. शेरे वाचायचे, दुरुस्त करायचे आणि पुढच्या परिषदेला पाठवायचे. काही परिषदांत चालू कामाची दोन-चार पानांची टिपणेही घेतात. नवख्या विद्यार्थ्याने तिथून सुरुवात करायला हरकत नाही.

यातली एक रीत आम्हाला विशेष वाटते. पुष्कळ परिषदांत निबंध तपासणाऱ्याला लेखकाचे नाव दाखवत नाहीत आणि लेखकालाही तपासणारा कोण ते कळत नाही. पहिल्या पानावर नाव नाही, कॉलेज नाही, गाव नाही. आपल्या मुलांना आडनाव सांगितल्यावर समोरच्याचा चेहरा कसा बदलतो ते ठाऊक आहे. तोंडी परीक्षेत “पूर्ण नाव सांगा” या तीन शब्दांनी घसा कसा कोरडा पडतो तेही ठाऊक आहे. इथे निदान त्या एका टप्प्यावर आडनाव गप्प राहते आणि काम बोलते. जगात सगळीकडे न्याय होतो असे आम्ही म्हणत नाही. मोठ्या प्रयोगशाळा, महागडी यंत्रे, सफाईदार इंग्रजी यांचा फायदा तिथेही ज्याच्याकडे आहे त्यालाच मिळतो. पण नाव झाकलेले एक दार उघडे असताना आपण बाहेर उभे का राहावे?

आणि ही वाट आपल्याला नवी आहे काय? ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात पंचवीस वर्षांच्या एका विद्यार्थ्याने पेपर वाचला. विषय होता भारतातील जाती: त्यांची यंत्रणा, उत्पत्ती आणि विकास. तो विद्यार्थी म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ साली तिथे गेले होते. जातीवर त्याआधी सेनार, नेसफील्ड, रिस्ले या परदेशी विद्वानांनी आणि आपल्याकडच्या केतकरांनी लिहिले होते. बाबासाहेबांनी त्या चौघांच्या व्याख्या एकेक करून तपासल्या, त्यांतले कमी-जास्त दाखवले आणि मग स्वतःचे म्हणणे मांडले. पुढच्या वर्षी, मे १९१७ मध्ये, तो निबंध ‘इंडियन अँटिक्वेरी’ या नियतकालिकात छापून आला. आधीच्यांचे वाचणे, तपासणे, आपले मांडणे आणि छापणे, हीच रीत आज स्पर्श-तंत्रज्ञानाच्या परिषदेत आहे. ज्यांच्यावर इतर लोक लिहीत होते, त्यांच्यातलाच एक जण लिहू लागला, हा त्या पेपरातला खरा फरक.

म्हणून आमचे सांगणे असे की पेपर हा केवळ नावापुढे पदवी लावण्याचा प्रकार नाही. जो पेपर लिहितो तो प्रश्न निवडतो. हाताने मैला साफ करायला लावणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. तरी गटारात उतरलेली माणसे मेल्याच्या बातम्या थांबल्या नाहीत आणि ती माणसे कोणत्या वस्त्यांतली असतात हे आपण जाणतो. २०१८ साली केरळच्या तरुण इंजिनिअरांनी ‘बँडिकूट’ नावाचे यंत्र आणले. माणूस वर उभा राहतो आणि यंत्राचा हात मॅनहोलमध्ये उतरतो. आता पुढचा प्रश्न पाहा. खाली तुंबले आहे ते कापड की दगड, चिखल की तुटलेला पाइप, हे वरच्या माणसाच्या बोटांना कसे कळावे? किती जोर लावला की पाइप फुटेल? हा सोळा आणे स्पर्श-तंत्रज्ञानाचा प्रश्न आहे. ज्याच्या घरातले कुणी त्या भोकात उतरलेले आहे त्याला तो आधी सुचेल. ज्याने मॅनहोलचे झाकण फक्त गाडीच्या चाकाखाली पाहिले, त्याला तो उशिरा सुचेल किंवा सुचणारही नाही.

स्पर्श हा शब्द आपल्यासाठी नुसता शब्दकोशातला नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याच्या पाण्याला हात लावण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. ज्या समाजाच्या स्पर्शालाच गुन्हा ठरवले गेले, त्या समाजाच्या लेकरांनी स्पर्शाच्या शास्त्रात मागे राहू नये, असे आम्हाला मनापासून वाटते. शिवाय हाताचे ज्ञान आपल्या घरांत काही कमी नाही. कंटेनर उचलताना वजन एका बाजूला कलले, तर क्रेनवरच्या माणसाला बसल्या जागी हादऱ्यावरून कळते. शिलाई मशिनवरची बाई कापड न पाहता सांगते की धागा ओढतोय. ही माहिती कोणत्याही पुस्तकात नाही. ती मोजून, आकड्यांत मांडून निबंध झाला पाहिजे. मात्र प्रयोगासाठी कामगारांना बोलावले तर त्यांना आधी सगळे समजावून सांगावे, लेखी संमती घ्यावी आणि नको वाटले तर उठून जाण्याची मोकळीक द्यावी. संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगीही लागते. आपल्या हातांवर दुसरा कुणी प्रयोग करणार असेल, तर हेच हक्क आपणही मागावेत.

कष्टकऱ्याने हे जमवू नये असा काही नियम नाही. २०२१ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पाटापुटियन या दोघांना मिळाले. उष्णता आणि स्पर्श शरीराला कसा कळतो याचा त्यांनी शोध लावला. पाटापुटियन लेबनॉनमधल्या यादवीतून तरुणपणी अमेरिकेत आले. सुरुवातीला त्यांनी पिझ्झा पोहोचवण्याचे काम केले आणि एका वर्तमानपत्रात साप्ताहिक राशिभविष्यही लिहिले! पुढे २०१० साली त्यांच्या प्रयोगशाळेने दाब ओळखणाऱ्या पेशीद्वारांचा शोधनिबंध छापला. लोकांचे भविष्य लिहिणे सोडून त्यांनी स्वतःचे घडवले.

आता दागिन्याचा प्रश्न. खऱ्या परिषदा आहेत तशी खोटी दुकानेही पुष्कळ आहेत. ती कशी ओळखावीत? निबंध पाठवला आणि दोन-चार दिवसांत ‘स्वीकारला’ असे पत्र आले, एकही शेरा नाही, तर संशय घ्यावा. एकाच परिषदेत इंजिनिअरिंग, आयुर्वेद, व्यापार आणि साहित्य असे सगळे विषय चालत असतील, तर संशय घ्यावा. न पाठवताच “आपले थोर संशोधन” म्हणून आमंत्रण आले, तर पत्र बाजूला ठेवावे. पैशाची घाई आणि तपासणीला आळस, ही खोट्या दुकानाची खूण. खऱ्या परिषदेलाही शुल्क असते आणि विद्यार्थ्यालाही ते काही शे युरो-डॉलरच्या घरात जाते. पण तिथे आधी तपासणी होते, मग शुल्क. नावाच्या सारखेपणावर जाऊ नये. खऱ्या परिषदेच्या नावात एक शब्द बदलून दुकान थाटता येते. मागच्या वर्षांचे ग्रंथ ग्रंथालयात दाखवा, असे मार्गदर्शक सरांना किंवा मॅडमना विचारावे. समितीत ज्यांची नावे छापली आहेत त्यांतल्या एखाद्याला सरळ पत्र लिहून खात्री करावी. आमच्याकडे आलेल्या त्या कुटुंबाला आम्ही एवढेच म्हणालो की दागिना घरात ठेवा आणि आधी या चार गोष्टी विचारून या. परिषदेकडून तपासणीचा एकही शेरा मिळाला नाही. दागिना घरातच राहिला. त्या पोराचे काम मात्र खोटे नव्हते. त्याने ते पुन्हा लिहायला घेतले आहे.

नियमांच्या नावाखालीही भीती घातली जाते. २०१६ च्या यू.जी.सी. नियमांत पीएच.डी.चा प्रबंध देण्याआधी एक शोधनिबंध छापणे आणि दोन परिषदांत वाचणे सक्तीचे होते. नोव्हेंबर २०२२ च्या नियमांतून ही सक्ती निघाली. तरी आपल्या विद्यापीठाचा नियम काय तो लेखी पाहावा. “पेपर नाही तर डिग्री नाही” असे कुणी तोंडी सांगून पैसे मागत असेल, तर कागद मागावा.

खऱ्या परिषदेत निबंध घेतला गेला, तर पैशाच्या वाटा आहेत. परदेशातल्या परिषदेत पेपर वाचण्यासाठी केंद्राच्या ‘सर्ब’ या मंडळाची प्रवासखर्चाची योजना होती. २०२३ च्या कायद्याने त्या मंडळाची जागा अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानने घेतली. अर्ज आता तिथे करायचा. परिषदांचे स्वतःचेही विद्यार्थी-साहाय्य असते आणि स्वयंसेवक म्हणून काम केले तर काही ठिकाणी शुल्क माफ होते. पीएच.डी. करणाऱ्या अनुसूचित जातीच्या मुला-मुलींसाठी पुण्याच्या ‘बार्टी’ची अधिछात्रवृत्ती आहे, केंद्राचीही आहे. जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र आणि पासपोर्ट ही कागदपत्रे निबंध लिहायच्या आधी तयार ठेवावीत. निबंध स्वीकारल्याचे पत्र येते आणि परिषद दोन-तीन महिन्यांवर असते; त्यात पासपोर्टची धावपळ करायची म्हणजे संधी हातची घालवणे.

राहता राहिली घरची बाजू. ज्या आई-वडिलांना इंग्रजी येत नाही त्यांनी काय करावे? मुलीला किंवा मुलाला समोर बसवून सांगावे, “तुझा पेपर आम्हाला मराठीत समजावून सांग.” जो विषय आईला सांगता येतो तो परिषदेतही सांगता येतो. जो आईला सांगता येत नाही तो बहुधा स्वतःलाच नीट कळलेला नसतो. विहारात रविवारी अर्धा तास काढून एका विद्यार्थ्याने आपले काम तक्त्यावर मांडावे आणि थोरा-मोठ्यांनी बेधडक प्रश्न विचारावेत. त्याला भाडे लागत नाही, व्हिसाही लागत नाही. आणि निबंधावर नाव कुणाचे, हे मुलांनी सुरुवातीलाच विचारून घ्यावे. काम एकाचे आणि पहिले नाव दुसऱ्याचे, असे होऊ देऊ नये.

सकाळचा पेपर दुसऱ्याने लिहिलेला असतो. परीक्षेच्या पेपरातले प्रश्न दुसऱ्याने काढलेले असतात. तिसऱ्या पेपरात प्रश्नही आपला आणि उत्तरही आपले. द्रोणागिरीतल्या ज्या घरात तो लिहिला जात असेल तिथे त्या रात्री टी.व्ही.चा आवाज जरा कमी ठेवा.

जयभीम!